दाराजवळच्या शिड्या

४ ऑक्टोबर

प्रिय ढम्या,

पोचले एकदाची. आई बरी आहे. तू खोलीची जी अवस्था करून ठेवली आहेस त्याबद्दल लिहायला बसले तर हा कागद पुरायचा नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तुझे मोजे निघाले, त्यांना मोजे म्हणायला जीभ वळत नाही. मी तुझ्यासाठी दुकानामागची खोली झाडून, उशांचे अभ्रे धुऊन, घड्या घालून ठेवून आले. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल.

फोन करणार होते. पण फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो आणि मुद्द्याचं राहून जातं. त्यापेक्षा बाबांनी घालून दिलेली पद्धत बरी, खुर्ची बदलली की काय ते कागदावर लिहायचं.

तर कागदावर लिहिते. काल संध्याकाळी मिस्त्री कारखान्यातून वर घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, तेव्हाच मला शंका आली. म्हणाले, तुमचे वडील गेल्यापासून चार वर्षं मी हा खेळ बघतोय. सहा महिने ताई खुर्चीत आणि भाऊ परगावच्या दुकानात. मग सहा महिने भाऊ खुर्चीत आणि ताई दुकानात. खुर्चीत नसलेल्यानं कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, कारण काय तर कामगारांना दोन मालक नकोत. पण आम्हाला दोनच तर आहेत. भाऊ शिडीच्या पायांना लाल रंग लावायला सांगतात, ताई आल्या की तो खरवडायला लावतात. कुणाला काही अवघड विचारलं की पोरं म्हणतात, थांब, दुसरं माणूस आलं की विचारू. एकतीस मार्चपर्यंत तुमच्यातल्या एकानं कायमचं बसायचं ठरवा, नाहीतर मला फर्निचरवाल्यांनी बोलावलंय, मी जातो.

मिस्त्री गेले तर आपण शिड्या नाही, काठ्या विकायला लागू. हे तुलाही माहीत आहे.

माझं म्हणणं, तू घे. तू लहान आहेस, तुझ्या डोक्यात नवंनवं चाललेलं असतं, शिड्यांची चित्रं काढत असतोस. मी दुकानात बसेन. बाबांनी खुर्ची अर्धी अर्धी केली तेव्हा त्यांना वाटलं असेल, काय न्याय केला. आता त्यांना विचारायची सोय नाही, तेव्हा आपणच उरकून टाकू.

बाकी कारखान्याचं: तू पहिल्या तारखेला दाराजवळ लावून ठेवलेल्या शिड्या त्याच दुपारी गाडीत घालून तुझ्याच दुकानाकडे धाडल्या. कालपासून माझं चढणं सुरू केलं. प्रत्येक शिडीवर शेवटच्या पायरीपर्यंत जायचं, प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी दणका द्यायचा, मगच ती दाराबाहेर. घरच्या माणसाच्या वजनाखाली न गेलेली शिडी बाबांनी कधी विकली नाही, आपणही नाही.

आणि दुकानाचा फोन सकाळी दहापर्यंत कुणी उचलत नाही. नाराज असशील तर माझ्यावर राग काढ, गिऱ्हाइकांवर नको.

तुझी,
ताई


१३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मोज्यांबद्दल माफी. ते मेलेले आहेत हे मलाही ठाऊक होतं, पुरायला वेळ मिळाला नाही. अभ्रे लक्षात आले. एक वापरतोय, दुसरा तसाच ठेवलाय, तुझ्या हातची घडी मोडवेना. शिड्याही मिळाल्या, काही विकल्यासुद्धा.

मिस्त्रींचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यामुळेच मला ते अजिबात आवडलेलं नाही.

आता खुर्चीचं. तूच घे.

हसू नकोस. आपल्या घरात कुणी कधी ‘मला पाहिजे’ असं म्हटलेलं तुला आठवतं का? ताटलीत शेवटचा तुकडा राहायचा. बाबा आईला म्हणायचे, तू घे. आई म्हणायची, मुलांना द्या. तू म्हणायचीस, ढम्याला दे. आणि मी म्हणायचो, माझं पोट भरलंय. माझं नाव ढम्या का पडलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी मी म्हणायचो. मग तो तुकडा संध्याकाळपर्यंत वाळायचा आणि शेजारच्या कुत्र्याला जायचा. त्या घरात मनापासून खाल्लं ते त्या कुत्र्यानं.

म्हणून तुझ्या ‘तू घे’ला मी काय समजू ते कळत नाही. खरं खरं सांग. दमलीस का? मागच्या महिन्यात खुर्ची घ्यायला निघायच्या आधी फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हा वाटलं, हिच्यात आता राम राहिला नाही. दमली असशील तर स्पष्ट सांग, मी बघतो काय करायचं ते. बाबांनी आपल्यावर टाकलंय तर कुणीतरी उचलायलाच हवं.

सोबत घडीच्या शिडीचं चित्र पाठवतोय. त्यात विशेष काही नाही, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा हाताला काहीतरी चाळा.

सकाळी मी जरा बाहेर असतो. नाराज वगैरे काही नाही. उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस.

तुझा,
ढम्या


५ नोव्हेंबर

ढम्या,

हे पत्र वाचायच्या आधी दुकानातल्या सगळ्या लाकडी शिड्या आत घे. एकही विकू नकोस. मग वाच.

काल इथं एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान घरं रंगवण्याचं काम करतात. गेल्या महिन्यात त्यांनी तुझ्याकडून उंच शिडी नेली. एका इमारतीच्या जिन्याचं छत रंगवत होते, वरून तिसरी पायरी मोडली आणि ते खाली जिन्यावर पडले. मांडीचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली, जिवाला धोका नाही, पण पुढचे कित्येक महिने उभं राहता येणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. शिडीवर आपला नंबर आहे म्हणून इथं फोन केला. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी मोडक्या पायरीचा फोटो पाठवला. मी मिस्त्रींना दाखवला. पायरीच्या मधोमध लाकडाला गाठ आहे, वरून दिसत नाही अशी. मिस्त्री म्हणाले, यावर कुणी नुसता एक दणका दिला असता तरी कडकन आवाज आला असता.

शिडी एक ऑक्टोबरच्या गाडीतली आहे. तुझ्या पाळीत बनलेली, तू दाराजवळ लावलेली.

मी आरोप करत नाही. एवढंच विचारते. तू चढला होतास ना?

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

नाही चढलो.

तुझं पत्र आल्यापासून मी एकच गोष्ट डोक्यात घोळवतोय. माझ्या पाळीत दाराजवळची शिडी म्हणजे अजून चढायची आहे ती. तिथं उजेड चांगला येतो, छत उंच आहे, म्हणून मी तिथं लावतो. चढून झाली की ती मागच्या भिंतीला जाते. त्या दिवशी माझी गाडी दुपारची होती, त्याआधी चढून टाकू असं मनात होतं. पण तू सकाळीच आलीस, किल्ल्या घेतल्यास, आणि मी म्हटलं, आता खुर्ची हिची, आता मी चढलो तर हिला वाटेल ढवळाढवळ करतोय. तू चढशील असं धरून मी निघालो.

आणि आता मला कळतंय की तुझ्या पाळीत उलटं असणार. तू मागच्या भिंतीजवळ चढतेस आणि झालेली दाराजवळ आणतेस, गाडीत घालायला सोपी म्हणून. हो ना? पोरांनी बघितलं, आज ताईंची पहिली तारीख, दाराजवळ आहे म्हणजे झालेली आहे, आणि उचलून गाडीत घातली. पोरांची काहीच चूक नाही.

चार वर्षं आपण एकच कारखाना चालवतोय आणि हे एकमेकांना माहीत नाही. असणार कसं, तुझ्या पाळीत मी तिथं नसतो, माझ्या पाळीत तू नसतेस.

त्या गाडीतल्या राहिलेल्या सगळ्या शिड्यांवर मी इथं स्वतः चढलो. विकलेल्या परत मागवल्या, सगळ्या आल्या. त्यातल्या एकीची पायरी माझ्या पायाखाली वाजली. वाजली तेव्हा मी खाली उतरून दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो, गिऱ्हाईक विचारत होतं बरं वाटत नाही का.

चूक माझी आहे. मी उद्या त्यांना भेटायला जातो. तू येऊ नकोस, कारखाना सोडून कशाला धावपळ. त्यांच्या घरचं काय लागेल ते मी बघतोय.

ढम्या


२१ नोव्हेंबर

प्रिय ढम्या,

तू येऊ नकोस म्हणालास आणि मी गेले. दुकानाकडे फिरकले नाही, तुला भेटायची हिंमत नव्हती म्हण. सकाळच्या गाडीनं गेले, संध्याकाळच्या गाडीनं परत.

ते घरी आलेत आता. लहानशी खोली, खिडकीजवळ पलंग, पाय उशांवर ठेवलेला. दुसऱ्यांची घरं रंगवणाऱ्या माणसाच्या घराच्या भिंतींचा रंग इतका उडालेला की मला कुठं बघावं कळेना. बाईंनी खुर्ची दिली. मी बरंच काही ठरवून गेले होते. शिडी माझ्या तारखेला बाहेर गेली, बघायची जबाबदारी माझी होती, चूक माझी, असं सगळं बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले,

“तुमचे भाऊ येऊन इथंच बसून रडले. म्हणाले चूक त्यांची. तुम्ही म्हणता तुमची. बाई, माझी मांडी मोडलीय. मला चूक वाटून देऊ नका. शिव्या घालायला कुणीतरी एक माणूस सांगा.”

बाई त्यांना म्हणाल्या, असं काय बोलता. ते म्हणाले, बरोबर बोलतोय, हे दोघं दवाखान्यात नेण्याआणण्याचा खर्च देतायत, औषधं देतायत, सगळं देतायत, फक्त कारखाना कुणाचा ते सांगत नाहीत.

परत येताना गाडीत मला त्यांचा राग आला नाही, आपला आला. दोन शहाणी माणसं आणि एक शिडी बघता आली नाही.

तर आता घोळ पुरे. तू घे. मी काही मानभावीपणा करत नाहीये. मला कंटाळा आलाय, गुडघे कुरकुरतात, आणि तुझ्यात अजून उमेद आहे. घडीच्या शिडीचं चित्र मिस्त्रींना दाखवलं, त्यांना आवडलं. मार्चनंतर भाऊ, असं मी त्यांना सांगून टाकलंय. ते “बरं” म्हणाले. पुढे काहीतरी बोलणार होते, पण तोंड मिटून खाली गेले.

मी दुकानात बसेन. मला काय, बसायला जागा आणि खिडकी असली की झालं.

तुझी,
ताई


३ डिसेंबर

प्रिय ताई,

बरं. घेतो.

तू दमलीस हे मला केव्हाचं दिसत होतं, म्हणून मी ते आधीच मनात धरलं होतं. तू काळजी करू नकोस. मी तिथं आलो की सगळं नीट लावून घेईन, दारापासून सुरुवात करीन. मिस्त्रींना सांग, लाल रंग राहील की जाईल ते आता एकदाच ठरेल.

इथली आवराआवर सुरू केली आहे. दुकान तू बघणारच, खोली तुझी आहेच. एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नव्हती, आता सांगायला हरकत नाही, कारण ती संपलीच.

सकाळी मी फोन उचलत नाही कारण मी तरणतलावावर असतो. इथल्या सार्वजनिक तलावावर साठीच्या पुढच्या लोकांना पोहायला शिकवतो. चार वर्षं, माझे दुकानातले सहा सहा महिने. तू म्हणशील ढम्या आणि पोहणं! पण जाड माणूस पाण्यात हलका होतो, आणि त्याला तरंगताना बघून म्हाताऱ्यांना धीर येतो, त्यात माझं भांडवल काही नाही, देहच आहे. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. तीन आठवडे कडेची दांडी सोडेनात. सगळ्या शाळेला धाक होता म्हणे त्यांचा, आणि पाण्याला घाबरून माझ्या हाताला चिमटे काढायच्या. ऑक्टोबरात एका सकाळी त्यांनी दांडी सोडली. बुडाल्या नाहीत. वर बघत पडून राहिल्या आणि म्हणाल्या, अरे, हे तर मला कुणी सांगितलंच नाही. ताई, बाबांच्या शिडीवर मी आयुष्यात इतक्या वेळा चढलो, पण वर जाऊन मला तसं कधी वाटलं नाही.

असो. मार्चमध्ये जाणार असं मी तलावाच्या व्यवस्थापकांना सांगितलं. पुन्हा सहा महिन्यांनी येणार ना, असं त्यांनी विचारलं, म्हटलं, नाही, आता कायमचाच जातोय. ते म्हणाले मग उगाच मध्येच खंड नको, जानेवारीपासूनच दुसरं कुणी घेतो. बरोबर आहे त्यांचं.

आता तरी आराम कर. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
ढम्या


१९ जानेवारी

ढम्या,

दीड महिना झाला, मला पत्राला उत्तर देता येईना. तीनदा लिहायला घेतलं. पहिल्यात तुझे आभार मानले होते, ते फाडलं. दुसऱ्यात तुला शिव्या होत्या, तेही फाडलं. तिसरं आई शेजारी बसली होती म्हणून अर्धवट राहिलं.

शेवटी तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत आले आणि रडायला लागले. आई नेहमीसारखी भाजी निवडत बसली होती, वर न बघता म्हणाली, “तो घेतोय म्हणून रडतोय, तू देतेयस म्हणून रडतेयस. मग चाललंय काय तुमचं?”

आता लिहिते. एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा फाडीन.

मला हवंय. अख्खं हवंय. मी दमले हे खरं, पण कामानं नाही दमले ढम्या, अर्ध्यानं दमले. दर मार्चला सगळं हाताशी येतं, लाकूडवाला माझं ऐकायला लागतो, पोरं मला विचारायला लागतात, आणि मी बॅग भरते. सहा महिने त्या दुकानात बसून मी विचार करते, आज तिकडे काय चाललं असेल, त्यानं काय बदललं असेल. परत आले की आधी तुझं मोडते, मग माझं उभं करते, आणि उभं झालं की पुन्हा बॅग. तू बाहेरगावी होतास तेव्हा बाबांच्या हाताखाली मी कारखाना चालवत होते. तुलाही काहीतरी मिळावं म्हणून बाबांनी अर्धं केलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. मी “बरं” म्हणाले. मला त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं होतं, आणि मी “बरं” म्हणाले.

तुला लिहिलं तू घे, कारण मला वाटलं तुला हवंय. तुझी चित्रं, तुझा लाल रंग. मला वाटलं मी बाजूला झाले नाही तर तू आयुष्यभर मनात धरशील. आणि तू काय करत होतास, तर म्हाताऱ्यांना पाण्यात तरंगवत होतास. मला न विचारता ते सोडलंस. कुणी सांगितलं होतं रे तुला? फार राग आला मला. तुझा आला, माझाही आला.

तुला हवं असेल तर माझ्याशी भांड. मी भांडायला तयार आहे, जोरात भांड. पण हे पत्र वाचून ‘तू घे’ असं उपकार केल्यासारखं लिहू नकोस. तसं लिहिलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

ताई


२७ जानेवारी

ताई,

पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. मग शटर ओढलं आणि आत बसून पुन्हा वाचलं.

मला नको आहे. कधीच नको होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझं पोट बिघडतं, चार वर्षांत एकदा चुकलेलं नाही. तिथं आलो की खुर्चीत बसून मी चित्रं काढतो, कारण दुसरं काय करायचं ते मला समजत नाही. बाबांनी मला दिलं, ते मी नको म्हटलं तर त्यांना काय वाटेल, आणि ते गेल्यावर, तुला काय वाटेल, या भीतीनं मी सहा सहा महिने काढले. बास. आता उपकार नाही आणि काही नाही. मला नको. लिहून झालं, आणि हाताला बरं वाटलं.

पण राग मलाही आहे, तो सांगतो. तू मूग गिळून बसलीस, मीही बसलो, एकमेकांशी गोड वागलो, आणि त्या गोडव्यात एका माणसाची मांडी मोडली. हे मी काही केलं तरी डोक्यातून जात नाही. जाऊही नये.

तलावावर गेलो होतो. तिथं आता एक मुलगी शिकवते, चांगली शिकवते, माझ्यापेक्षा शिस्तीत. व्यवस्थापक भला माणूस आहे. म्हणाले, एवढं काय, दोघांत सकाळचे तास वाटून घ्या. मी इतका मोठ्यानं हसलो की पाण्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, नको, तिचं तिच्याकडे असू दे. जागा रिकामी झाली तर मला हवी आहे. ‘मला हवी आहे’ असंच म्हणालो. त्यांनी नाव घेऊन ठेवलंय, कधी होईल माहीत नाही. तोवर फी भरून आपला आपण पोहतो. मुख्याध्यापिकाबाई शेजारून जाताना माझे हात सरळ नाहीत असं सांगतात.

पेंटरना जाऊन सांगून आलो, कारखाना ताईचा आहे. ते म्हणाले, नक्की? म्हटलं, नक्की. म्हणाले, मग त्यांना सांगा, चालायला लागलो की येतोय, बरंच बोलायचं राहिलंय. तेव्हा तयारीत राहा.

एक एप्रिलला मी येणार नाही.

तुझा,
ढम्या


१ एप्रिल

प्रिय ढम्या,

आज तू आला नाहीस. आईनं सवयीनं तुझाही चहा ठेवला, तो मी प्यायले.

सकाळी मिस्त्री वर आले आणि आज बसले. म्हणाले, ताई, शिडीच्या पायांना लाल रंग द्यायचा की नाही ते आता सांगून टाका. मी म्हटलं, द्यायचा. अंधाऱ्या जिन्यात शिडीचा पाय कुठं टेकलाय ते त्यानं दिसतं, हे मला पहिल्या वर्षीच पटलं होतं. तुझा होता म्हणून खरवडत होते. मिस्त्री शीळ घालत खाली उतरले.

मग खाली गेले. एका सभागृहासाठी उंच शिडी केली आहे, आपण आजवर केलेल्यांत सगळ्यात उंच. आता उजेडाच्या जागी, दाराजवळच चढायचं असं मी ठरवलंय, आणि झालेली मागच्या भिंतीला. तुझीच पद्धत. चढायला लागले. निम्म्यात गेले आणि गुडघा अडकला. वरही जाईना, खालीही येईना. सगळी पोरं हातातलं काम सोडून वर बघत होती. मला रडू यायला लागलं. इतकी वर्षं जे मागायची छाती झाली नाही ते मिळालं, आणि पहिल्याच दिवशी वर जाता येत नाही. चार वर्षांपूर्वी मागितलं असतं तर धावत गेले असते. क्षणभर वाटलं, ढम्याला बोलावून घ्यावं, तो चढेल, मी बाकीचं बघीन, चाललंच होतं की तसं. हे मनात आल्याबरोबर माझी मलाच भीती वाटली.

सावकाश उतरले. मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही चढा. ते म्हणाले, “घरच्याच माणसानं चढायचं असतं ना, ताई?” मी म्हटलं, “आजपासून तुम्ही चढायचं आणि मी खाली धरायचं. मोडली तर जाब मी देणार.” त्यांनी शिडी एकदा हलवून बघितली. मग चपला काढून चढले.

ढम्या, मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. आजवर वर मी असायचे, मोडली असती तर मी पडले असते, त्यात काय मोठं. आज माझे दोन्ही हात शिडीला होते आणि वर दुसऱ्याचा जीव होता. ते एकेका पायरीवर दणका द्यायचे आणि तो माझ्या मनगटात यायचा. बाबा म्हातारपणीसुद्धा हट्टानं स्वतःच का चढायचे ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आपल्याला वाटायचं केवढे धीराचे. खाली उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं.

मला झेपलं. मिस्त्री उतरले, पोरांनी ती शिडी मागच्या भिंतीला नेली, आणि मी पुढची लावायला सांगितली.

तुझी,
ताई